आईनं पाहिलेला जपानी पिक्चर

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या एका फिल्म क्लबमध्ये रविवारी दुपारी जपानी पिक्चर लागणार होता. प्रायोगिक, कृष्णधवल, टोकियोतल्या समलिंगी लोकांच्या बारवरचा. तिकिटं दोनच काढली होती, माझं आणि मैत्रिणीचं. नागपूरहून महिनाभरासाठी आलेल्या आईनं घरी मालिका बघत बसायचं असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आई मात्र निघायच्या वेळी सिल्कची साडी नेसून, पर्समध्ये चिवड्याचा डबा घालून दारात उभी.

"आई, त्याला गोष्टच नाहीये गं. तुला काही कळणार नाही."

"तुझ्या बाबांसोबत जन्मभर मारधाडीचे पिक्चर पाहिले मी. त्यात कोणती गोष्ट होती?"

"ग्रँड! दारात मिळेल अजून एक तिकीट," मैत्रीण तिच्या आयरिश ढंगात म्हणाली. तिला काय जातंय म्हणायला! ही मैत्रीण म्हणजे माझी जोडीदार, कित्येक वर्षांची. आईसाठी ती रूममेट. आई यायच्या आधी मी पक्कं केलं होतं की विमानतळावरच सांगून टाकायचं. मग म्हटलं, जेटलॅग उतरू दे. मग म्हटलं, संकष्टी होऊन जाऊ दे. आईचे परतीचे कपडे बॅगेत जायला लागले तरी माझा मुहूर्त काही लागेना. सांगितलं आणि आईनं माझ्याशी बोलणंच बंद केलं तर? बाबा गेल्यापासून आम्हाला आम्ही दोघीच.

पिक्चर सुरू झाला. एक बाप्या आरशासमोर बसून कितीतरी वेळ नुसत्या भुवया रंगवत होता. मग पडद्यावरचं सगळं उलटं झालं. मग दिग्दर्शकच कॅमेऱ्यासमोर येऊन नूडल्स खाऊ लागला. आई घरच्यासारखी मोठ्यानं बोलत होती. "किमोनो छान आहे न याचा. रंग समजत नाही, पण भारीतला असेल." पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून पाहिलं, तर तिनं डबाच पुढे केला. त्यांनीही मूठभर चिवडा घेतला आणि परत वळून पाहिलं ते आणखी घ्यायला.

मग त्या भुवयावाल्याची मुलाखत आली. कॅमेऱ्यामागून कोणीतरी विचारलं, तुझ्या आईला माहीत आहे का? तो हसत सुटला, थांबेचना.

"काहून हसून राहिला हा?"

"तिला माहीत नाहीये म्हणून."

"मग कॅमेरा घेऊन तिच्याकडे जा न बाप्पा. ह्याला काय विचारता?"

त्यानंतर आई बोलली नाही. चिवडाही बंद. उरलेला पिक्चर काय होता ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

परतताना मैत्रीण गाडी चालवत होती, आई पुढे तिच्या शेजारी, मी मागे. शहर मागे पडलं. मग आईनं आपल्या बँकेतल्या नोकरीत घोटलेल्या इंग्रजीत सुरुवात केली. वडील काय करतात? भावंडं किती? घर स्वतःचं की भाड्याचं? इतके दिवस 'ईट, ईट' यापलीकडे ती मैत्रिणीशी काही बोलली नव्हती. मैत्रीण खुशीत सांगत होती, घर ट्रली गावाजवळ, वडिलांच्या गाई, पाठचा एक भाऊ. मी मागे ताठ झाले. कांदेपोहे पुढे ठेवून आमच्याकडे हेच विचारतात. माझ्या दोन्ही मावसबहिणींना विचारताना मी पडद्याआडून ऐकलेलं आहे.

"घरचे बरे दिसतात," आई मराठीत म्हणाली. मागे वळली नाही. "हिच्या आईला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे तिकडच्या गाईंनाही माहीत. आणि मला त्या जपान्याकडून समजायचं."

मला रडू फुटलं. "तू माझ्याशी बोलणं बंद करशील असं वाटलं गं."

"बंदच आहे. मी हिच्याशी बोलून राहिली," आई म्हणाली, आणि मैत्रिणीकडे वळून तिनं विचारलं, घरात शुगर कोणाला आहे का.