थाळीतल्या लाटा

भर उन्हाळ्यात शेजारच्या वसुधाताई घरातला एसी बंद करून बसायच्या. ऐंशीच्या दशकात, कतारमधल्या दोह्यात असं कुणी करत नसे. मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले, तेव्हा त्या घामाने निथळत होत्या. म्हणाल्या, "ये, पण दार हळू लाव. पाणी हलतं. एसीही त्याचसाठी बंद आहे."

ओट्यावर उताण्या लाउडस्पीकरवर पाण्याची उथळ थाळी होती. पाण्यावर बारीक चौकटी उमटल्या होत्या. त्यांनी एक बटण फिरवून हादरा वाढवला, तशा चौकटी मोडल्या आणि नुसता गोंधळ माजला.

"पुण्याला माझं संशोधन यावरच चाललं होतं. लग्न झालं, इकडे आले, अर्धं राहिलं."

"मग बटण मागे फिरवा ना."

"ते कुणालाही जमेल. हादरा तेवढाच ठेवून नक्षी परत आणायची. त्यात दुसरा, अगदी हलका हादरा मिसळायचा. पण नेमका कसा, तेच सापडत नाही."

मला काही कळलं नाही. पुढे त्यांना काहीही विचारलं, अगदी हळदीकुंकवाला येणार का म्हटलं, तरी त्या म्हणायच्या, "बघू, पाणी काय म्हणतंय."

त्यांचे यजमान एका कंपनीत वायरलेस दुरुस्त करायचे. हादरे देणारी दोन्ही यंत्रं भावोजींनीच जोडून दिली होती. शुक्रवारच्या सुट्टीला तेही त्या उकाड्यात निमूट शेजारी बसायचे.

एका दुपारी वसुधाताईंनी मला हाक मारली. पाणी अस्ताव्यस्त उसळत होतं. त्यांनी दुसरं यंत्र सुरू करून बटण जरासं फिरवलं. हळूहळू चौकटी जुळल्या आणि टिकल्या. मी हसून वर पाहिलं, तर त्या रडत होत्या.

"आता मला पुण्याला परत जायला हवं गं."

"जमलं की. आता कशाला जायचं?"

"जमलं म्हणूनच. नसतं जमलं तर राहिले असते."

बिल्डिंगमध्ये कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं नवऱ्यानेच पाठवलं. तिकीट भावोजींनीच काढलं होतं, एवढं खरं. पुढे वसुधाताईंना पदवी मिळाली, त्या पुण्यातच शिकवू लागल्या. भावोजी वर्षाकाठी सुट्टीत जाऊन येत. त्या दोघांत नेमकं काय झालं होतं, मला आजही उलगडत नाही.

वसुधाताई गेल्या त्या दिवशी त्यांना सोडून विमानतळावरून आम्ही परतत होतो. माझे यजमान गाडी चालवत होते. मागे बसलेल्या भावोजींनी विचारलं, "वहिनी, ती काय करते ते तुम्हाला कळलं का?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परत कधी येणार, ते विचारायचं राहिलंच."