उंटाचं वजन टेपने

मैत्रिणींनो, आज इतकी वैतागले आहे की घास उतरत नाही.

चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर. दुपारी एका कारखान्याच्या कुंपणाजवळ कच्छी मेंढपाळाचा उंट तापाने बसला होता. त्याचं इंजेक्शन वजनावर ठरतं. कमी पडलं तर आजार राहतो, जास्त झालं तर जनावर जातं.

उंटाला काट्यावर कोण चढवणार? छातीचा घेर, वशिंडावरून पोटाचा घेर आणि खांद्याची उंची घेतली की वजन काढता येतं. त्याला कसाबसा उभा केला. शिवणाची टेप पुरेना, म्हणून दोन टेपा टाचणीने जोडल्या. तो ओरडला की पोट फुगायचं आणि आकडा बदलायचा.

मी पुन्हा मोजू लागले तसे सोबत आलेले आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "अगं, झंपर शिवायचाय का त्याला? सहाशे किलो धर आणि टोच."

"साहेब, वशिंड ओसरलंय, अंगात चरबीच उरली नाही. साडेचारशेच भरतंय."

"मग तुझ्या जबाबदारीवर दे."

मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "बेन, हमारा घर इसी की पीठ पर है."

शाळेआधी वडिलांनी मला घरीच शिकवलं. पडताळा घेतल्याशिवाय ते उत्तर ऐकूनच घेत नसत. मी परत मोजलं आणि माझ्याच मापाने इंजेक्शन दिलं.

सकाळी उंट उठला तर साहेब म्हणतील, औषध चांगलं होतं. नाही उठला तर पोरीचं माप चुकलं. त्यांचा अंदाज मात्र कुणीच तपासणार नाही.

तुमच्याकडेही असंच चालतं का गं?