मागच्या सीटवरचे बशीकाका

बशीकाकांनी आमच्या ले-आउटमधल्या निम्म्या पोरापोरींना मोटारसायकल शिकवली, आणि तीही स्वतः मागच्या सीटवर बसून, हातात चहाची बशी धरून. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटची काच वर, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट. ते मागे नीट बसले की काकू किटलीतून बशी काठोकाठ भरून द्यायच्या. मग काका म्हणायचे, "चाल आता. सांडला नाही पाहिजे." हीच त्यांची शाळा, हाच अभ्यासक्रम आणि हीच परीक्षा.

या परीक्षेचा निकाल कपड्यांवर लागायचा. क्लच झटकन सोडला की गाडी पुढे उडी मारायची आणि चहा काकांच्या छातीवर. ब्रेक झटकन दाबला की चहा शिकणाऱ्याच्या पाठीवर. संध्याकाळी काकू दोरीवर वाळत घातलेला शर्ट पाहून सांगायच्या की आज कोणाची शिकवणी होती आणि त्याची प्रगती कितपत आहे. शर्ट पांढरा घरी आला की तो विद्यार्थी पास. चहा कोमट असायचा म्हणून निभावलं, नाहीतर आमच्या मनीषनगरात भाजलेल्यांचा वेगळा दवाखाना काढावा लागला असता.

काकांना यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. क्लचची तार कुठून कुठे जाते, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे न कुठं जाते ते. तुले तिच्या घरी पाहुणी जाचं आहे काय?" त्यांची शिकवण सगळी सोयरिकीची. क्लच आणि रेस म्हणजे व्याही-व्याही, एक उठायला लागला की दुसऱ्याने बसायला लागायचं, दोघं एकदम उठले की लग्न मोडलं. याच्यापुढे एकच सूत्र होतं, तेही ते चहा फुंकता फुंकता सांगायचे: "क्लच सोडाचा नसते वं पोट्टे. हळूहळू विसराचा असते."

मी त्यांच्याकडे गेले ती गरज म्हणून. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मला कंत्राटी का होईना, नोकरी लागली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं, पहिल्या पाळीला. मनीषनगर शहराच्या एका टोकाला, खापरखेडा दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, आणि त्या वेळेला पोहोचवणारी बस नाही. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची लहानशी मोटारसायकल अंगणात ठेवून गेला होता. बाबांनी अट घातली की गाडी नीट आली तरच नोकरी, नाहीतर घरी बसून बँकेच्या परीक्षा द्यायच्या. मला बँकेच्या परीक्षांचा इतका कंटाळा आला होता की मी बैलगाडीसुद्धा शिकले असते.

बाबांनी आधी स्वतः शिकवून पाहिलं. एकच दिवस. त्यानंतर आठवडाभर आम्ही जेवताना एकमेकांकडे भाजी आईमार्फत मागत होतो. माणूस मुळात घाबरट. पेपरात अपघाताची बातमी आली की ती मोठ्याने वाचणार आणि वर माझ्याकडे पाहणार. नोकरीचं कळल्यापासून तर त्यांची झोपच उडाली होती. रात्रभर त्यांच्या खोलीतला पंखा कमी-जास्त होत असायचा. बशीकाकांवर मात्र त्यांचा पक्का भरवसा होता. इतक्या पोरांना शिकवणारा माणूस, स्वतः किती झकास चालवत असेल, असं ते आईला म्हणायचे.

शिकवणी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर चालायची. सुरुवातीला माझ्या पाठीवर एवढा चहा पडला की आमच्या गल्लीतली कुत्री माझ्या मागे मागे यायला लागली. गाडी उडी मारायची, बंद पडायची, पुन्हा उडी मारायची. काका कधी ओरडले नाहीत. सांडला की बशी काकूंपुढे करायचे आणि शर्टाकडे पाहत म्हणायचे की हरकत नाही, कालच्यापेक्षा डाग लहान आहे. हळूहळू डाग खरंच लहान झाला. मग एका संध्याकाळी मी प्लॉटला पूर्ण फेरी मारली आणि मागून चहाचा शेवटचा घोट ओढल्याचा आवाज आला. काका सावकाश उतरले, छातीवरून हात फिरवला आणि कोरडा शर्ट दाखवायला काकूंकडे जवळजवळ पळत गेले. मीही इतकी खूश झाले की गाडी स्टँडवर लावायची विसरले आणि ती आडवी झाली.

एक तारखेच्या आधीच्या रविवारी बाबा गाडीची किल्ली घेऊन काकांच्या फाटकात उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. काकांनी गाडी चालवावी, मला मागे बसवावं आणि खापरखेड्याचा रस्ता एकदा दाखवून आणावा. काका म्हणाले, गुडघा दुखतो. बाबा म्हणाले, सावकाश चला. काका म्हणाले, चष्मा बदलायला दिला आहे. तो त्यांच्या नाकावरच होता. शेवटी ते म्हणाले, आज अमावस्या आहे.

"तुम्ही कधीपासून अमावस्या पाळून राहिले जी?" बाबांनी विचारलं. दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो, जय भीमशिवाय दिवस उगवत नाही, तिथे अमावस्या कुठून येणार? काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आभाळाकडे पाहिलं. मग काका आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले.

ते बसले तेच पाहुण्यासारखे, गुडघे जुळवून. किल्ली बाबांनी फिरवली, बटण बाबांनी दाबलं, गिअर मी सांगितला. पुढचं सगळं गाडीने स्वतःच केलं. ती उसळली, शेजारच्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगात अर्धी चढली आणि थांबली. काका रेतीत अलगद बसले होते, मांडी घालून. लागलं कुठेच नाही. गल्ली मात्र सगळी बाहेर आली, आणि त्यांतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. कोणी हसलं नाही, कारण हसण्याच्या आधी ही गोष्ट खरी मानायला वेळ लागत होता. काकू तेवढ्या पदर तोंडावर धरून गदगदत होत्या. त्यांना लग्नापासून माहीत होतं.

"तुम्हाले गाडी येतच नाही?" बाबा म्हणाले.

"मले कोणी कधी विचारलंच नाही, भाऊ."

बाबांचा चेहरा उतरला. ज्याला स्वतःला येत नाही त्याने माझ्या पोरीला काय शिकवलं असेल, असं ते म्हणाले, आणि नोकरीचा विषय इथेच संपला, हेही म्हणाले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काका रेतीतून उठले. पॅन्ट झटकली. आधी वडिलांच्या मागे, मग ऑफिसात जाता-येता साहेबाच्या मागे, असा त्यांचा जन्म मागच्या सीटवर गेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"समोरच्याले वाटते आपण लय झकास चालवून राहिलो. तो कुठं चुकते ते मागच्यालेच समजते, भाऊ. काहून का हाडं त्याची हलतात. तुम्ही एक डाव बसा न पोरीच्या मागं. मंग बोला."

बाबा बसले. चिडून बसले, हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासून बसले. सीताबर्डीपर्यंत ते माझ्या खांद्यावरून समोरचा रस्ता मला समजावत होते. सदरचा बाजार ओलांडेपर्यंत फक्त सिग्नलचे रंग सांगत होते. मानकापूरच्या पुढे तेही बंद झालं. मला वाटलं, राग आहे अजून. कोराडीच्या अलीकडे माझ्या पाठीवर काहीतरी टेकलं. हेल्मेट होतं. बाबांचं. त्यांना झोप लागली होती.

माझी घाबरगुंडी उडाली. थांबावं तर दचकून पडतील, हाक मारावी तर तेच. मग वेग कमी करत, एकेक गिअर खाली आणत, क्लच विसरत विसरत मी गाडी अशी कडेला घेतली की ती कधी थांबली ते मलाच नीट कळलं नाही. बाबांनाही कळलं नाही. कडुलिंबाच्या सावलीत गाडी दोन पायांवर तोलून मी त्यांची झोप होईपर्यंत उभी राहिले. पायांना मुंग्या आल्या. जागे झाल्यावर त्यांनी लांब दिसणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आलं काय वं?" मी म्हटलं, जवळ आलं. खापरखेड्याच्या फाटकाला हात लावून यावं तसं करून परतलो.

काका गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभे होते. काकूंनी आणून दिलेली खुर्ची बाजूला रिकामी होती. बाबांनी हेल्मेट काढलं. गालावर झोपेचा वळ होता. ते खाली पाहत म्हणाले, "दादा, माझा डोळा लागला जी."

"मंग अजून काय पाहिजे," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

बशीकाका मागच्या थंडीत गेले. घाटावर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांची रांग होती. परतताना सगळ्या एकेक करून निघाल्या, आणि एकही हिसका देऊन निघाली नाही. मी फार रडले. पण आठवण काढायला बसले की मला आठवते ती एक तारीख.

त्या पहाटे डबा, हेल्मेट, आईने भरलेली पाण्याची बाटली, सगळं जागच्या जागी होतं. मी गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि गाडीने उडी मारली. बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. दारात उभ्या असलेल्या बाबांचा चेहरा पांढरा पडायला लागला. तेव्हा एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. मी एकटीने गाडी कधी चालवलीच नव्हती. मागे कोणी ना कोणी बसलेलंच असायचं, आणि माझ्या हाताला सवय होती ती दोन माणसांच्या वजनाची.

समोरच्या घरातून काका बनियन आणि लुंगीवर आले, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच. ब्रश त्यांनी फाटकावर ठेवला, काकूंनी धावत आणून दिलेलं हेल्मेट घातलं आणि मागे बसले. गाडी निघाली, लोण्यासारखी. वर्धा रोडच्या चौकात त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी थांबले. गाडी चालूच होती. त्यांनी आधी एक पाय खाली टेकला, मग हळूहळू अंगाचा भार त्या पायावर घेतला.

"आता मी उतरून राहिलो. तू समज का मी बसूनच आहो."

मी समजले. गाडी निघाली, हिसका न देता. आरशात पाहिलं तर काका भर चौकात लुंगी सावरत उभे होते आणि घरी कसं जायचं हा प्रश्न त्यांना आत्ता पडत होता. मोटारसायकलवरच्या एका दूधवाल्याला त्यांनी हात दाखवला. तो थांबला, कॅन सरकवून त्याने जागा केली, आणि काका मागे बसता बसताच त्याच्या खांद्यावरून वाकून त्याला काहीतरी समजावून सांगायला लागले होते.