कोटाच्या मापाची चिठ्ठी

आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या ताईंच्या मशीनशेजारी कात्री, खडू, टेप आणि एक उघडं पुस्तक असतं. हातशिलाई करताना त्यांचा एक डोळा टाक्यावर, दुसरा ओळीवर. गिऱ्हाईक आलं की हाताला लागेल ते खूण म्हणून पानात जातं. कधी चिंधी, कधी बटणांचा पुठ्ठा.

वरच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या जाऊबाई राहतात. जाता-येता त्यांचं सुरूच.

"एखाद्या दिवशी बाह्या उलट्या लावशील! पुस्तकातली बाई कुठे गेली न् काय, तुला काय करायचंय?"

"करायचं काही नाही, पण कळायला नको का?" ताई म्हणायच्या.

परवा त्या कोट बेतायला बसल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी वारलेल्या नवऱ्याचा कोट उसवून स्वतःच्या मापाचा करायला दिला होता. शनिवारी त्या परगावाहून येणार आणि तोच घालून आपल्या निरोप समारंभाला जाणार. असं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. एक काप चुकला की संपलं.

ताईंनी मापाची चिठ्ठी शोधली. डब्यात नाही, मशीनच्या खणात नाही. मग त्यांना आठवलं. कालच वाचनालयात परत केलेल्या पुस्तकात, शेवटच्या पानात!

वाचनालयातल्या बाईंनी वही चाळली आणि हसल्या. "अहो, पुस्तक तुमच्याच घरी गेलंय. तुमच्या जाऊबाईंनी नेलं. दर आठवड्याला तुम्ही परत केलेलंच नेतात त्या."

ताई जिना चढताना दोनदा थांबल्या. कोटाची काळजी होतीच, पण जाऊबाई वाचतात कधी, याचंच त्यांना जास्त नवल वाटत होतं.

"मी? आणि पुस्तक?" जाऊबाई म्हणाल्या. पण घडी केलेल्या चादरींतून पुस्तकाचा कोपरा डोकावत होता.

"तुम्ही वाचा हो. मला फक्त चिठ्ठी हवीय."

चिठ्ठी आता मधल्या पानात होती. ताईंनी हात घातला तशा जाऊबाई ओरडल्या, "अगं, खूण नको काढूस! मला पान सापडायचं नाही."

ताईंनी तिथेच बसून खांदा, छाती, बाही, उंची उतरवून घेतली. नजर पानावर गेलीच. नायिका बंद दारासमोर उभी होती.

"उघडतं का गं ते दार?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" ताई म्हणाल्या आणि खाली आल्या.

खडूच्या रेघा दोनदा मोजून त्यांनी कात्री लावली. वर एकही पाऊल वाजत नव्हतं. पाठ कापून झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, बाहीची शेवटची गोलाई आली, तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "अगं, उघडलं!"

ताईंनी गोलाई पुरी केली. कात्री खाली ठेवली. मग जिन्याकडे तोंड करून विचारलं, "आत कोण होतं, तिथपर्यंत आलात का?"