आईच्या पायाशी पाणी

गाडी घ्यायची ठरली ती आईच्या गुडघ्यांमुळे. येरवड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आमच्याकडे बाबांची स्कूटर होती. बाबा गेले, मग स्कूटरही गेली. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका. सगळी नोकरी उभ्यानं झाली. गुडघे माझ्याआधीच रिटायर झाले, असं ती सांगायची. मी तोवर हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बऱ्यापैकी रुळले होते. वारज्याला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आले. रिक्षात चढताना तिला त्रास व्हायचा. मैत्रिणींच्या छोट्या गाड्यांमध्ये तर त्याहून जास्त, कारण तिथे आधी वाकून खाली बसायचं आणि उतरताना कुणीतरी ओढून काढायचं.

शोरूममध्ये एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या पुढच्या सीटवर तिला बसवून पाहिलं. ना वाकावं लागलं, ना चढावं लागलं. ती नुसती वळली आणि बसली.

"ही घे," ती म्हणाली. "रंग कुठलाही चालेल."

आमच्या घरातली ही पहिली चारचाकी. मला वाटलं होतं, गाडी निवडली की काम संपलं. पण तिथल्या मुलीनं टेबलावर रंगीत कागद पसरले आणि एकाच गाडीच्या किती गाड्या असतात ते मला कळलं. मला हव्या होत्या जास्तीच्या एअरबॅग्ज आणि मागचा कॅमेरा. ते मिळायचं फक्त वरच्या मॉडेलमध्ये, आणि वरच्या मॉडेलबरोबर सनरूफ यायचंच. नको म्हणायची सोय नव्हती.

"छताला खिडकी?" आई म्हणाली. "आयुष्य गळकं छप्पर बंद करण्यात गेलं माझं."

मुलगी हसली. मीही हसले. शिवाय मी स्वतः होऊन आणखी एक गोष्ट मागून घेतली. काचेवर बसवायचा, रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा. आमच्या हायवेवर कोण कधी उलट्या दिशेनं येईल सांगता येत नाही, आणि आल्यावर तोच आपल्याला शिव्या देतो. शोरूमच्याच ॲक्सेसरीज विभागानं तो बसवून दिला. वायर कुठून गेली ते दिसतसुद्धा नव्हतं, इतकं सफाईचं काम.

उन्हाळा छान गेला. आईला फिजिओथेरपीला न्यायचे, पौर्णिमेला येरवड्याच्या जुन्या विहारात न्यायचे. पाऊस चांगला लागल्यावर अशाच एका पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून गाडीत बसली आणि कर्वेनगरपर्यंत आल्यावर म्हणाली, "अगं, इथे काहीतरी ओलं आहे."

मला वाटलं, छत्रीचं पाणी असेल. विहारात उतरल्यावर पाहिलं तर साडीच्या काठाला मातकट रेघ उठली होती. मी पायपुसणं उचललं, खालचा गालिचा हातानं दाबला. बोटांच्या मधून पाणी वर आलं.

शोरूमच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये जो सल्लागार भेटला तो माझ्यापेक्षा बराच लहान होता आणि अतिशय नम्र होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, काच थोडी उघडी राहिली असेल का?"

"नाही."

"सनरूफ?"

"नाही."

"बाटली सांडली असेल."

"सांडलेली बाटली मला आठवली असती."

गाडी त्यांनी ठेवून घेतली, फवाऱ्याखाली उभी केली, आतून कोरडी असल्याचं सांगितलं, गालिचा वाळवला, सुगंधी काहीतरी फवारलं आणि परत दिली. पुढच्या जोरदार पावसात पुन्हा पाणी. पुन्हा नेली. पुन्हा फवारा, पुन्हा कोरडी, पुन्हा सुगंध. आता त्या सुगंधाखालून ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला होता. आई गाडीत बसताना पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची आणि बसल्या बसल्या म्हणायची, "इतक्या उंच गाडीत पूर आला. खालच्या गाड्यांचं काय होत असेल?"

तिसऱ्या वेळी सल्लागार म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर लीक होतच नाहीये. एकदा सरांना घेऊन या ना, त्यांच्याशी बोलतो."

सर नव्हतेच. पण ते सांगायची मला गरज वाटली नाही. मला राग आला तो वेगळ्याच कारणासाठी. 'आमच्याकडे तर होत नाही' हे वाक्य मी रोज ऑफिसात ऐकते. आम्ही चूक दाखवली की प्रोग्रॅम लिहिणारे हेच म्हणतात. त्यावर करायचं काय, तेही मला माहीत होतं. वाद घालायचा नाही. तुझ्याकडे का होत नाही आणि माझ्याकडे का होतं, हे शोधून काढायचं. मग ते त्याच्यासमोर करून दाखवायचं.

मी घरी आले आणि आईला सांगितलं, "ही गळती मी शोधणार."

"शोध," ती म्हणाली. "पण साडी पांढरी नेसायची की काळी, तेवढं आधी सांगत जा."

पहिल्यांदा मला एसीचा संशय आला. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की ते आत येतं, असं वाचलं होतं. पण उन्हाळाभर एसी जोरात चालू होता तेव्हा थेंब आला नव्हता. मग दारांचे रबर. पुढच्या डाव्या दाराच्या रबराला सगळीकडून टिश्यूपेपर लावून दार बंद केलं आणि पाऊस पडून गेल्यावर उघडलं. कागद कोरडे, गालिचा ओला. म्हणजे पाणी दारातून येत नव्हतं. मी सीटच्या बाजूला उलटी पडून मोबाइलच्या उजेडात डॅशबोर्डच्या खाली बघत होते तेव्हा सोसायटीतले एक काका छत्री घेऊन थांबले आणि म्हणाले, "काही हरवलंय, की आपण राहायलाच आलात?"

खरा धागा मिळाला तो एका रविवारी. विहारात कार्यक्रम होता. गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावली आणि दुपारभर धो धो पाऊस झाला. निघताना मी घाबरतच गालिच्याला हात लावला. खडखडीत कोरडा. घरी येऊन आमच्या जागेवर गाडी लावली, तोच पाऊस रात्रभर चालू राहिला, आणि सकाळी पुन्हा पाणी. पाऊस तोच, गाडी तीच.

त्या दिवशी फिजिओथेरपीहून परत आलो. आई उतरायला लागली तेव्हा तिनं दाराचा खटका उघडला आणि दार तिच्या हातातून सुटून धाडकन पूर्ण उघडलं.

"हे बघ, इथे हे असं करतं," ती वैतागून म्हणाली. "विहारापाशी नाही करत. इथे लावलीस की दरवेळी दार हातातून निसटतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या सोसायटीत छपराखालच्या जागा आधी आलेल्यांना मिळाल्या होत्या. आमची जागा उघड्यावर, गेटकडे जाणाऱ्या उतारावर. गाडीचं नाक खाली, आणि रस्त्याला एका बाजूला गटार असल्यामुळे गाडी किंचित डावीकडे कललेली. दार त्यामुळेच निसटत होतं. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये फवारा मारायचे ती फरशी आरशासारखी सपाट होती.

त्या दिवसापासून मी गाडी उलटी लावायला लागले. नाक वर, शेपूट खाली. आठवडाभर पाऊस झाला. आत एक थेंब नाही. मग पुन्हा पहिल्यासारखी लावली. सकाळी पाणी हजर.

हे सगळं मी सल्लागाराला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे मॅडम! तुम्ही उलटीच लावत जा ना."

"आणि मी घाटात गेले, कुणाच्या घरी गेले, तर? आधी ढग बघायचे, मग उतार बघायचा, आणि मग गाडी लावायची?"

मी वर्कशॉपच्या मॅनेजरला भेटायचं म्हटलं. मॅनेजर म्हणजे माझ्या वयाचे एक गृहस्थ. त्यांच्याकडे वेळ नव्हता, हे त्यांनी न बोलता कळवलं. मी त्यांना म्हटलं, "तुमच्याकडे वरच्या मजल्यावरून खाली येणारा रॅम्प आहे. गाडी त्याच्यावर नाक खाली करून उभी करा, डावी चाकं थोडी खाली राहतील अशी, आणि वरून पाणी मारा."

"रॅम्प अडवता येणार नाही मॅडम. वरच्या गाड्या खाली कशा येणार?"

"जेवणाच्या सुट्टीत कुठल्या गाड्या खाली येतात?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाणी मारल्यावर आत कोण बसून बघणार? माझी सगळी माणसं जेवायला जातात."

तोपर्यंत गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर गप्प बसलेली आई म्हणाली, "मी बसते."

"काकू, कशाला उगाच त्रास—"

"जन्मभर सलाइनचा थेंब बघत बसले मी. त्रास नाही होत. मला फक्त एक बॅटरी द्या."

मला अजून ते चित्र दिसतं. रॅम्पवर तिरकी उभी आमची गाडी, वरून पाइपनं पडणारं पाणी, आणि बंद काचेमागे आई, चष्मा नाकावर, हातात बॅटरी, पाय सीटच्या कडेला आखडून घेतलेले. गुडघ्यांना ते परवडत नव्हतं, ते मला बाहेरून कळत होतं. मी हातानं खूण करून विचारलं, थांबवू का? तिनं मान हलवली, नाही. सल्लागारानं डबा बाजूला ठेवला होता आणि पाइप स्वतः धरला होता. मॅनेजर खिशात हात घालून उभे होते. बराच वेळ काहीच झालं नाही. आता ते 'बघा, होत नाही' म्हणणार, असं वाटायला लागलं. मी मनाशी म्हटलं, ते पाइप बंद करा म्हणेपर्यंत मी हलणार नाही, आणि म्हटलं तरी हलणार नाही.

आईनं काच खाली केली. तिच्या अंगावर पाणी उडालं.

"पडला," ती म्हणाली. "हा इथून, खांबाच्या आतून. हा बघा, दुसरा."

मॅनेजरनी आत डोकं घातलं आणि काही क्षण बाहेर काढलंच नाही.

गाडी आत घेतली. पुढच्या काचेच्या डाव्या कडेला जो खांब असतो त्याचं आतलं आवरण उतरवलं. मॅनेजरनी मला जवळ बोलावून नीट समजावलं, आणि हे त्यांचं मला आवडलं. सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येणार हे बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. ते एका पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून बाहेर जातं. आमची पुढची डावी नळी एका जागी चपटी झाली होती. तिच्यावरून एक वायर नेली होती आणि ती हलू नये म्हणून नळीसकट घट्ट पट्टा आवळला होता. सपाट जागी पाणी बाकीच्या नळ्यांनी निघून जायचं. गाडी पुढे, डावीकडे कलली की सगळं त्याच कोपऱ्यात साचायचं आणि ओसंडून आत यायचं.

"ही वायर कशाची?" मी विचारलं, जरी मला ते कळलं होतं.

"कॅमेऱ्याची."

"कुणी बसवला?"

सल्लागार हळूच म्हणाला, "आपल्याच ॲक्सेसरीजवाल्यांनी, सर."

मॅनेजर म्हणाले, "ते डिपार्टमेंट वेगळं आहे."

"बाहेरचा बोर्ड एकच आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी सुचवलं की कॅमेरा काढून टाकू, नळी बदलू, गालिचा वाळवू, आणि संध्याकाळी गाडी घेऊन जा. दमलेली होते, आईचा पदर भिजला होता, हो म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण मी खुर्ची ओढून बसले. कॅमेरा राहील, त्याची वायर दुसऱ्या बाजूनं न्या. नळी नवी घाला. गालिच्याखालचा जाड नमदा वाळत नाही, तो कुजलाय, वास त्याचाच आहे. तो नवीन पाहिजे. आणि हे सगळं तुमच्या खर्चानं, कारण काम तुमचं होतं. त्यांनी 'वर विचारावं लागेल' म्हटलं. मी म्हटलं, विचारा, मी बसले आहे. आई म्हणाली, "मीपण बसले आहे. चहा मिळतो का इथे?"

चहा आला. फोन झाले. एक फोन बराच लांबला. शेवटी मॅनेजर आले आणि म्हणाले, "ठीक आहे मॅडम. नमदा मागवावा लागेल, थोडे दिवस लागतील."

त्या दिवसांत मी कंपनीच्या बसनं जात होते आणि आईची फिजिओथेरपी रिक्षानं चालू होती. चढताना तिला कळ यायची, पण 'गाडी कधी येणार' असं तिनं एकदाही विचारलं नाही. गाडी आली तेव्हा पाऊस ओसरत आला होता. मला भीती वाटली की आता परीक्षा व्हायचीच नाही. म्हणून मीच सोसायटीच्या माळ्याला विचारून झाडांचा पाइप घेतला आणि आमच्या उतारावर, नाक खाली करून, छतावर भरपूर पाणी मारलं. आत थेंब नाही. नंतर दोनच दिवसांनी परतीच्या पावसानं झोडपून काढलं आणि माझी मेहनत फुकट गेली असं सिद्ध केलं.

सकाळी आईनं दार उघडलं. ते निसटलंच, त्याला इलाज नव्हता. तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल आत टेकवलं. जरा दाबलं. मग दुसरंही टेकवलं, वळून सीटवर बसली, पट्टा लावला.

"काय?" मी विचारलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "चल आता, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत निघू."