काकूचा शिवलेला कान

काकूच्या डाव्या कानाची पाळी अकोल्यात टाके घालून शिवण्यात आली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला, एका हिवाळ्यात. जड झुमक्यांनी कानाचं भोक वर्षानुवर्षं ओघळत गेलं होतं आणि शेवटी पाळी खालपर्यंत चिरली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या लग्नात दोन्ही कानांत झुमके घालून उभं राहायचं, एवढीच काकूची इच्छा होती. तोवर ती तो कान पदराखाली ठेवी.

अकोटहून एसटीनं आम्ही तिघं गेलो: काकू, काका आणि मी. डॉक्टरांनी जखमेवर पांढरी पावडर टाकली आणि बजावलं, "तेल नको, हळद नको, ओढाताण नको. वण बारीक राहायला हवा असेल तर हातच लावू नका. वण पक्का झाला की बाजूला नवं भोक पाडता येईल."

टाके निघाल्यावर शेजारणी कान बघायला आल्या. कुणी लोण्यात कालवलेली हळद आणली, कुणी कोरफड. काकूनं सगळं परत पाठवलं.

"डाक्टरनं नाही म्हणलं, व माय."

"डाक्टरले काय समजते? त्याच्या कानात कधी झुमका होता काय?"

शेजारणी हटल्या. काका हटले नाहीत. ते बाजारात कापसाची पारख करत. बोंडातला कापूस दोन्ही चिमटींत धरायचा, हळू ओढायचा आणि धागा कुठे तुटतो ते पाहायचं, हे त्यांचं रोजचं काम. घरातही ते धोतराचा काठ, दिव्याची वात, शेवयांचं पीठ, सगळं असंच ओढून पाहत. एका सकाळी चहाच्या वेळी ते काकूशेजारी येऊन बसले आणि त्यांचा हात तिच्या कानाकडे गेला.

"कावून हात लावून राहिले?"

"लावून नाही राहिलो. शिवण कशी बसली, ते पाहून राहिलो."

"मंग डोयानं पाहा ना!"

"डोयानं माल समजते काय?"

चिमटी बसली. पाळी खालच्या बाजूनं उसवली. बशीत रक्त पडलं.

अकोल्याला पुन्हा जावं लागलं. डॉक्टरांनी टाका घातला आणि काकांना सांगितलं, "तुम्ही हात खिशात ठेवत जा." लग्नाआधी कान टोचता येणार नाही, हेही सांगितलं. परतीच्या बसमध्ये काकू डावा कान खिडकीकडे करून बसली.

लग्नात तिच्या उजव्या कानात झुमका होता, डावा कान मोकळा. कुंकू लावायला आलेल्या विहीणबाईंनी तिचा पदर बोटानं बाजूला सारला. काकूनं मान खाली घातली.

"इहीनबाई, कोनत्या डाक्टरनं शिवला व? शिवण तं दिसूनच नाही राहिली!"

मग त्यांनी स्वतःचा पदर सारला. त्यांच्या दोन्ही पाळ्या फाटलेल्या होत्या. काका बघायला पुढे सरकले.

"तुमी मांडवात जा," काकू म्हणाली.

उन्हाळ्यात दोघी विहिणी एसटीनं अकोल्याला गेल्या. विहीणबाईंचे कान त्याच दवाखान्यात शिवले गेले. काकूचा वण पक्का झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, पण झुमक्यांना कायमची मनाई केली. अकोटच्या सोनारानं वणाच्या बाजूला कान टोचला. काकूनं झुमके मुलीला दिले आणि स्वतः दोन्ही कानांत सोन्याची हलकी फुलं घातली.