तोफेला थांबायला सांगणारी काकी

काकीला कविता म्हणायची असली की समोरच्याला पळ काढता येणार नाही अशी जागा ती आधी हेरत असे. देवगडला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसलेला माणूस, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेला माणूस, बँकेच्या रांगेत नंबर जवळ आलेला माणूस. दाताच्या डॉक्टरकडे एकदा तिने तोंडात कापूस कोंबलेल्या एका बाईंना पूर्ण कविता ऐकवली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “मधी एक शब्द बोलली नाय. अशी माणसा ऱ्हवली नाय आता.” मी तर तिचा सख्खा पुतण्या, त्यात मिठबावच्या स्टॉपवर किराणा दुकान. गल्ला सोडून मी जाणार कुठे?

कवितेचा विषय कायम एकच. काकीचे दोन मुलगे, आणि लढाई. थोरला महेश सैन्यात, सरहद्दीवर. धाकटा सतीश मालवाहू जहाजावर, आणि त्याचं जहाज जायचं नेमकं त्या समुद्रातून, जिथे गेली काही वर्षं क्षेपणास्त्रं पडताहेत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात काकी, आंब्याची चार कलमं, थोडे माड आणि टीव्हीवरच्या बातम्या. बातम्या संपल्या की ती चप्पल घालून माझ्या दुकानाकडे निघे. लांबून दिसली की मी उगाच पोती मोजायला लागे.

“विजू, आयक,” म्हणून ती सुरू करी:

तोफे गो, वायच रव,
माझो झील जेवता हा.
हातातलो घास तोंडात जावंदे,
मगे तू बोल.

“काकी, मुलगा जेवतोय म्हणून तोफ थांबत नाही,” मी साखर जोखत म्हणायचो.

“तोफेमागे माणूस आसता मा? तेका सांगतंय.”

“मग तसं लिही ना.”

“तेचा नाव माका म्हायत नाय,” ती म्हणे. वर चघळायला सुपारी मागून घेई.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. तिला वृत्त, यमक, लढाईची भाषा समजावून थकलो. रणांगण, शौर्य, रक्त असं काहीतरी येऊ दे म्हटलं. तिने दुसऱ्या दिवशी कवितेत पायमोजे घातले. थंडीत ओले पायमोजे बदलत नाही म्हणून महेशला कायम खोकला होतो, हे तिला लढाईपेक्षा महत्त्वाचं वाटत होतं.

माझी खरी शोभा झाली ती कुडाळच्या कविसंमेलनात. सैनिकांसाठी कविता, असा विषय होता. तिने दोन दिवस पाठी लागून मला सोबत नेलं. तिच्याआधीच्या कवींनी शत्रूला पार धुळीला मिळवलं होतं, सभागृहात टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. मग काकी उठली. पायमोज्यांना लोक हसले, तोफेला थोडे गप्प झाले, आणि मग तिने मला कधीच न ऐकवलेलं कडवं काढलं, पलीकडच्या आईला उद्देशून:

पलीकडे पण चूल पेटता,
थंय पण आवस वाट बघता.
गो बाये, तुझ्या झिलाक सांग,
माझ्याक मारू नको.
मी माझ्याक सांगतंय.

पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. “बाई, शत्रूला असं ‘बाये’ म्हणायचं नसतं.”

काकी शांतपणे म्हणाली, “मी शत्रूक म्हणूक नाय. तेच्या आवशीक म्हटलंय.”

संयोजकांनी माईक काढून घेतला. तिच्या आवाजाला माईकची गरज नव्हती, तिने उरलेली कविता तशीच म्हटली. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो. परतीच्या वाटेवर ती मला विचारत राहिली, “कशी झाली?” मी एसटीत झोपेचं सोंग घेतलं.

कोणीतरी तो व्हिडिओ फिरवला. आठवड्याच्या आत महेशचा फोन. “विजूदादा, आईला जरा आवर. इथे सगळे बघतायत.” मी तणतणत काकीच्या घरी गेलो आणि तिला चांगलं सुनावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, “म्हणजे महेशाचो फोन इल्लो? आवाज कसो होतो? खोकला हा काय अजून?” अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आणि मग एका सकाळी टीव्हीवर आलं की त्या समुद्रात एका जहाजाला क्षेपणास्त्र लागलं. नाव सतीशच्या जहाजाचं होतं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला, तर संपर्क होत नाही एवढंच सांगत. काकीची कविता बंद झाली. दुकानात यायची, पोहे घ्यायची, जायची. इतकी वर्षं मी ज्या शांततेची वाट बघत होतो ती मिळाली, आणि मला ती सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, “काकी, म्हण काहीतरी.”

“झील बरो आसा असा कळला काय माका शब्द सुचतत,” ती म्हणाली. “आता काय सुचतला?”

तोपर्यंत मला वाटे, भीती वाटते म्हणून ती कविता करते. ते उलटंच होतं.

सतीशचा फोन आला तो माझ्या मोबाईलवर, कारण काकीचा नेहमीप्रमाणे चार्ज केलेला नव्हता. परक्या बंदरातल्या इस्पितळातून बोलत होता. मी दुकान उघडं टाकून धावलो. काकीने फोन कानाला लावला आणि इतके दिवस फोन केला नाहीस म्हणून त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. बोलणं संपल्यावर पायरीवर बसली, आणि मग तिला उठताच येईना. “विजू, माका उठव,” म्हणाली. मी उठवलं तशी आत गेली आणि आधी स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावला.

सतीश घरी आला. उजवा हात भाजलेला, एका कानाने कमी ऐकू येई. पण खरं दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या पत्र्यावर माडावरून नारळ पडला, तर हा तिशीतला बाप्या खाटेखाली शिरला. काकीने त्याच दिवशी माणूस बोलावून सगळे माड रिकामे केले, कोवळे नारळसुद्धा. “काकी, वर्षाचं पीक गेलं,” मी कळवळून म्हटलं. तिने मला एक शहाळं दिलं आणि गप्प बस म्हणाली.

चतुर्थी जवळ आली. आमच्या वाडीत गणपती आणताना आणि पोचवताना फटाक्यांची नुसती झोड उठते. काकी घरोघर फिरली, मला ओढत. यावेळी कविता नव्हती. “फटाके नको,” एवढंच. बायका हो म्हणाल्या. मुंबईहून आलेला प्रकाश मात्र चिडला. “काकी, वर्षातून एकदा येतो आम्ही. एवढीही मजा करायची नाही?”

“कर,” काकी म्हणाली. “पण माझ्या खळ्यात येवन फोड. सतीशाच्या तोंडाकडे बघान फोड.”

मी कपाळावर हात मारला, कारण प्रकाश हट्टी. तो संध्याकाळी खरंच फटाक्यांचा खोका घेऊन काकीच्या अंगणात आला. सतीश ओटीवर बसला होता. त्याने खोका पाहिला, उठला नाही, ओरडला नाही. फक्त दोन्ही हात घट्ट मांडीखाली दाबून धरले, ते कापताना दिसू नयेत म्हणून. प्रकाशने ते पाहिलं. मग काकीने दिलेला चहा प्याला आणि खोका तसाच परत घेऊन गेला. त्या वर्षी गणपती नुसत्या भजनाने पोचले.

पुढच्या मे महिन्यात काकी गेली. न्यूमोनिया झाला होता आणि इस्पितळात चल म्हणून आम्ही घसा कोरडा केला, तर म्हणे महेश रजेवर येतोय, तो आल्यावर जाऊ. तो आला, पण तोवर उशीर झाला होता. दोन्ही मुलगे उशाशी होते. शेवटपर्यंत तिने कोणाचं ऐकलं नाही.

वाडीत अजूनही चतुर्थीला फटाके वाजत नाहीत. माझी मुलगी दरवर्षी माझं डोकं खाते, आपल्याकडेच का नाही म्हणून, आणि मला दरवर्षी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. गेल्या वर्षी सांगता सांगता आरतीची वेळ झाली. आम्ही काकीच्या घरी पोचलो तेव्हा सतीश गणपतीपुढे उभा राहून झांज वाजवत होता, एवढ्या जोरात की माझ्या मुलीने कानांवर हात ठेवले.